अंदमानची सहल : आधी बोट, मग किनारा

अंदमानच्या सामुदायिक सहलीत किनाऱ्यांची यादी मागाहून करावी, बोटींचे वेळापत्रक आधी मांडावे. श्रीविजयपुरम्, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, येथून स्वराजद्वीपास जाणारी बोट समुद्र खवळल्यास रद्द होते. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच श्रीविजयपुरम् गाठावे. सेल्युलर जेलचे दर्शन त्या दिवसासाठी राखावे. एक दिवस वाया गेला असे कोणी म्हणेल, म्हणू द्यावे. स्वराजद्वीपाच्या राधानगर किनाऱ्यावरील सूर्यास्त डिसेंबरात पाचच्या सुमारासच होतो. शहीदद्वीपावरील नैसर्गिक दगडी पूल ओहोटीतच जवळून पाहता येतो, आणि ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. चहासाठी रेंगाळणाऱ्या मंडळींना हे आधीच बजावावे. वाट खडकाळ आहे. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसोबत एक तरुण अवश्य द्यावा.