साडेतीन टक्क्यांची तडजोड : समलंब आट्याचा इतिहास

१/ यंत्रयुगाचा इतिहास म्हटला की आपण वाफेच्या इंजिनापाशी थांबतो. माझ्या मते त्या युगाचा अधिक बोलका साक्षीदार लेथवर आडवा पडलेला असतो : लीड स्क्रू. त्याच्या आट्याचा छेद घेतला, तर समलंब चौकोन दिसतो. हा आकार सर्वोत्तम नव्हता. तरी तोच जिंकला, आणि ते योग्यच झाले.

२/ आट्यांची कामे मुख्यतः दोन : धरून ठेवणे आणि सरकवणे. बोल्टला घर्षण हवे असते, म्हणून त्याचा आटा त्रिकोणी. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली ५५ अंशांचा, तर अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली ६० अंशांचा आटा मांडला, तो याच कामासाठी.

३/ लीड स्क्रू, जॅक, व्हाइस यांचे काम सरकवण्याचे. तेथे घर्षण कमी असलेले बरे. शास्त्राचे उत्तर सरळ होते : उभ्या भिंतींचा चौकोनी आटा. कार्यक्षमतेत समलंब आटा त्याच्या मागेच राहतो.

४/ पण कारखान्याचे प्रश्न निराळे होते. चौकोनी आटा कापणे जिकिरीचे. तो झिजला की सैलपणा काढता येत नाही. लेथवरचा दोन तुकड्यांचा हाफ नट फिरत्या स्क्रूवर मिटवताना उभ्या भिंतींच्या खाचेत सहज शिरत नाही.

५/ उपाय साधा होता : भिंती किंचित कलत्या करायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत २९ अंशांचा 'अ‍ॅक्मे' आटा रूढ झाला. कलत्या बाजूंमुळे हाफ नट आपोआप जागेवर बसतो. झीज झाली तर तो थोडा अधिक मिटवून सैलपणा कमी करता येतो.

६/ किंमत किती मोजली? ३० अंशांच्या आट्यात प्रत्येक बाजू १५ अंश कललेली असते. त्यामुळे घर्षणाचा परिणाम सुमारे ३.५ टक्के वाढतो. मोबदल्यात आट्याचे मूळ पिचच्या ०.५ पटीवरून सुमारे ०.६३ पट रुंद होते, म्हणजे पाव हिश्शाहून अधिक जाड.

७/ मेट्रिक परंपरेने हाच ३० अंशांचा आकार घेतला : आधी जर्मनीचे डीआयएन १०३, पुढे आयएसओ, आणि भारतात आयएस ७००८. 'टीआर ४० × ७' म्हणजे व्यास ४० मिमी, पिच ७ मिमी. 'टीआर ४० × १४ पी ७' म्हणजे दुहेरी आटा : पिच ७ मिमीच, पण एका फेऱ्यात नट १४ मिमी सरकतो.

८/ दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांचे बोल्ट एकमेकांना बसेनात. १९४८ साली अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी बोल्टसाठी ६० अंशांचा एकच आटा मान्य केला. समलंब आट्यांत मात्र २९ आणि ३० हा भेद आजही आहे. त्याहून मोठी दरी इंच आणि मिलिमीटरची. इंची लीड स्क्रूच्या लेथवर नेमके मेट्रिक आटे पाडायचे, तर १२७ दात्यांचे चक्र लावतात. कारण ५ इंच म्हणजे बरोबर १२७ मिमी. दोन मापनपरंपरांमधला तह त्या दात्यांत कोरलेला आहे.

९/ कोणी म्हणेल, हा अभियंत्यांचा विषय, इतिहासाचा नव्हे. मला हे मान्य नाही. ताम्रपटातून आपण सत्ता, व्यवहार आणि सीमा वाचतो. मानकांच्या तक्त्यांतही तेच असते : कोणाचे माप चालले, कोणी जुळवून घेतले, कोणती तडजोड टिकली.

१०/ शोधकांच्या चरित्रांत परिपूर्णतेचे कौतुक फार. समलंब आटा वेगळे सांगतो : जे सहज बनते, दुरुस्त होते आणि झीज सोसते, तेच कारखान्यात टिकते. जुना लेथ भंगारात जाण्यापूर्वी त्याच्या लीड स्क्रूची पिच मोजून ठेवा. तोही एक दस्तऐवज आहे.