जुगाड करा, पण समजून!

तुमच्या घरी एखादा ‘मेलेला’ लॅपटॉप नक्की पडून असेल. स्क्रीन फुटलेली, बिजागरी तुटलेली. प्रोसेसर मात्र बहुतेक वेळा ठणठणीत. तो काढून डेस्कटॉपमध्ये चालवता येईल का? भातकुली-अमरावती एसटीत हा प्रश्न काढून बघा. शेजारचा मित्र म्हणेल, ‘कायले डोकं खपवून रायला बे? नवा घे ना!’

पण प्रश्न वेडा नाही. २००३-०४ च्या सुमारास जगभरच्या हौशी पोरांनी हेच केलं. एएमडीचा लॅपटॉपसाठीचा ‘ॲथलॉन एक्सपी-एम २५००+’ डेस्कटॉपच्या सॉकेटमध्ये थेट बसायचा. डेस्कटॉपवाल्या भावाला १.६५ व्होल्ट लागत, याला १.४५. वर वेग ठरवणारा गुणक खुला. कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या या चिपला डेस्कटॉपचा मोठा पंखा आणि थोडं जास्त व्होल्टेज मिळालं, की ती मूळ १.८७ गीगाहर्ट्झच्या बरीच पुढे पळायची. इंटेलचा ‘पेंटियम एम’ तसा बसत नव्हता. तर असुसनं २००५ मध्ये आपल्या काही डेस्कटॉप बोर्डांसाठी अडॅप्टरच काढला.

आज खेळ अवघड आहे. आताचे लॅपटॉप प्रोसेसर बोर्डवर सोल्डर केलेले असतात. तशी चिप डेस्कटॉपच्या सॉकेटला जुळणाऱ्या पट्टीवर बसवून चिनी विक्रेते ऑनलाइन विकतात. त्यासाठी बायोसही बदलावा लागतो, नाहीतर बोर्ड चिपला ओळखतच नाही. बायोस टाकताना चूक झाली तर बोर्डही जातो. म्हणून आमचं स्पष्ट म्हणणं: बाबांनी सोयाबीन विकून दिलेले फीचे पैसे यात घालू नका.

मग हा नाद सोडायचा? मुळीच नाही. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर आठवा. अमेरिकेनं हवा तो क्रे महासंगणक दिला नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात एक अजस्र प्रोसेसर नव्हता. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे छोटे ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडलेले होते. हाताशी आहे त्यातून हवं ते उभारणं, हे त्यांनाही चुकलं नव्हतं. फरक एवढाच, की प्रत्येक चिप काय करते हे त्यांना ठाऊक होतं.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. तो जुना लॅपटॉप बंद करून उघडा. बॅटरी फुगलेली असेल तर स्वतः हात लावू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. प्रोसेसरचा नंबर टिपा, तो सॉकेटमध्ये आहे की सोल्डर केलेला ते बघा, त्याची माहितीपत्रिका वाचा. आणि फक्त स्क्रीनच गेली असेल, तर एचडीएमआय केबलनं मॉनिटर जोडा, बाहेरून कीबोर्ड लावा. झाला डेस्कटॉप! प्रोसेसर उपटायची गरजच नव्हती, हे कळायलाही यंत्र आधी समजावं लागतं.