ऑक्युपेशनल थेरपी शिकायची आहे? पदवीचे नाव नंतर बघा, आधी रुग्ण किती मिळतील ते बघा

बारावीचा निकाल आणि नीटचे गुण हाती आले की राजुरा, कोरपना, जिवती भागातले पालक मुलांना घेऊन दवाखान्यात सल्ला विचारायला येतात. एमबीबीएसला नंबर लागणार नाही हे कळलेले असते. मग कोणीतरी ‘ऑक्युपेशनल थेरपी’ हे नाव सुचवलेले असते. दुसरा गट थोडा मोठ्या मुलांचा. त्यांची पदवी झालेली असते आणि आता मास्टर्स इथे करायचे की कर्ज काढून अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला जायचे, हा प्रश्न असतो. दोन्ही गटांना माझे उत्तर बरेचसे सारखे आहे, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे. ज्यांच्या घरी कोणी हे शिकणार नाही त्यांनीही वाचावे. हा उपचार करणारा माणूस आपल्या तालुक्यात असणे किंवा नसणे याचा संबंध तुमच्याशीही आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू

‘ओटी’ म्हटले की आपल्याकडे लोकांना ऑपरेशन थिएटर आठवते. ओटी टेक्निशियनचा कोर्स वेगळा. तो शस्त्रक्रिया विभागात मदत करणाऱ्या तंत्रज्ञाचा. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे मराठीत व्यवसायोपचार, हे पूर्णपणे दुसरे क्षेत्र आहे. फॉर्म भरताना, फी भरताना पूर्ण नाव वाचा. बीओटीएच किंवा बीओटी अशी पदवी असेल तरच ती ऑक्युपेशनल थेरपीची. ‘ओटी’ एवढेच छापलेल्या जाहिरातीवर विश्वास ठेवून मुलाचे वर्ष घालवू नका.

दुसरा घोळ फिजिओथेरपीशी. फिजिओथेरपिस्ट स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, चालणे, दुखणे यांवर काम करतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट विचारतो, या माणसाला रोज काय करायचे आहे आणि ते अडते कुठे? अर्धांगवायूनंतर एका हाताने लुगडे कसे नेसायचे, तांब्या कसा धरायचा, चुलीपुढे कसे बसायचे, कापूस वेचताना कमकुवत हाताचा उपयोग कसा करायचा, हे त्याचे काम. मतिमंदत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला स्वतःच्या हाताने जेवायला, कपडे घालायला, शाळेत बसायला शिकवणे हेही त्याचेच काम. मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसाची दिनचर्या पुन्हा बसवणेही त्यात येते. दोन्ही उपचार एकमेकांना पूरक आहेत, पण एकाची जागा दुसरा घेऊ शकत नाही.

आपल्या भागात याची गरज किती?

गडचिरोलीच्या ग्रामीण भागात ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण असल्याचे दिसले. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. जे पक्षाघातातून वाचतात, त्यांची सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते. नेमक्या याच काळात आपला रुग्ण घरी खाटेवर असतो, कारण हात कामाला लावणारा माणूस जवळ नसतो.

कुष्ठरोग चंद्रपूर-गडचिरोलीतून गेलेला नाही. बधिर हाताला गरम भांडे कळत नाही, बोटे वाकडी होतात. अशा हातासाठी स्प्लिंट बनवणे, विळ्याची किंवा कढईची मूठ बदलून देणे, जखम होऊ न देता काम करायला शिकवणे, हा व्यवसायोपचाराचा गाभा आहे. उपचारानंतर माणसाला पुन्हा काम मिळाले पाहिजे, हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या आनंदवनात कुष्ठमुक्त माणसांनी शेती आणि उद्योग उभे केले.

सिकलसेलचा आजार विदर्भात आहे. त्यात खुब्याचा सांधा खराब होऊ शकतो, लहान मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात सिकलसेलचाही समावेश केला. याशिवाय कोळसा खाणी, सिमेंट कारखाने आणि रस्त्यांवरचे अपघात आहेतच. हाताची बोटे गेलेला कामगार कामावर परत जाऊ शकेल का, हे ठरवणारा माणूस लागतो.

शिक्षण कुठे मिळते?

या क्षेत्राची भारतातील सुरुवात आपल्याच राज्यात झाली. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने भारतीय झालेल्या कमला निंबकर यांनी अमेरिकेत जाऊन हे प्रशिक्षण घेतले, त्या परत आल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू झाली. दुसरी शाळा १९५८ साली नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाली. म्हणजे राजुऱ्याच्या मुलासाठी देशातली दुसरी सर्वांत जुनी शाळा नागपुरात आहे. गावातल्या अनेकांना हे ठाऊकच नसते आणि ते थेट चेन्नई-बंगळूरच्या खाजगी कॉलेजची माहितीपत्रके घेऊन येतात.

महाराष्ट्रात बीओटीएचचे प्रवेश नीटच्या आधारे सीईटी सेलमार्फत होतात. आतापर्यंत राज्यातील हा अभ्यासक्रम चार वर्षे आणि वर सहा महिन्यांची इंटर्नशिप असा राहिला आहे. मात्र २०२१ च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय आयोगामुळे नियम बदलत आहेत, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण माना. मुंबईत केईएमबरोबर शीव आणि नायर या महापालिका रुग्णालयांच्या कॉलेजांतही हे शिक्षण मिळते. राज्याबाहेर कटकजवळची स्वामी विवेकानंद राष्ट्रीय संस्था, कोलकात्याची राष्ट्रीय गतिशील दिव्यांगजन संस्था अशा केंद्र सरकारच्या संस्था आहेत. त्यांची प्रवेश प्रक्रिया वेगळी असते.

माझे मत : रुग्ण, मार्गदर्शक आणि मान्यता

कॉलेजची इमारत, वसतिगृहाचे फोटो, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हे सगळे बाजूला ठेवा. थेरपिस्ट रुग्णांवर काम करून घडतो. जागतिक व्यवसायोपचार महासंघाने अभ्यासक्रमात किमान १००० तास प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे, देखरेखीखालचे काम असावे असा निकष ठेवला आहे. हे तास कोणत्या रुग्णांसोबत आणि कोणाच्या हाताखाली जातात, त्यावर पदवीची खरी किंमत ठरते.

मोठ्या सरकारी रुग्णालयात जागा अपुरी असते, साहित्य जुने असते, ही तक्रार खरी आहे. पण तिथे पक्षाघात, भाजलेले हात, मणक्याची इजा, कुष्ठरोग, जन्मतः अधू बाळे, मनोरुग्ण असे सगळे येतात, आणि तेही आपल्याच भागातले, आपलीच भाषा बोलणारे. चकचकीत कॉलेजला स्वतःचे रुग्णालय नसेल, तर विद्यार्थी एकमेकांवर सराव करून पास होतात. अशी पदवी घेतलेला मुलगा पहिल्या खऱ्या रुग्णापुढे घाबरतो आणि त्याची किंमत तो रुग्ण मोजतो.

म्हणून प्रवेशाआधी एक दिवस काढा, कॉलेजात जा आणि हे विचारा :

१. संलग्न रुग्णालय स्वतःचे आहे का? ओपीडीत रोज ऑक्युपेशनल थेरपीचे किती रुग्ण येतात?
२. शिकवणारे स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत का, की इतर विषयांच्या शिक्षकांवर भागवले आहे?
३. लहान मुले, मानसिक आरोग्य, हाताचे उपचार आणि गावपातळीवरचे काम या चारही ठिकाणी विद्यार्थ्यांना पाठवतात का?
४. स्प्लिंट विद्यार्थी स्वतः बनवतात का?
५. विद्यापीठाची संलग्नता आणि परिषदेची मान्यता आजच्या तारखेला चालू आहे का? जागतिक महासंघाच्या यादीत नाव आहे का?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नका, कागद बघा. महाराष्ट्रात व्यवसाय करण्यासाठी राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेची नोंदणी लागते. मान्यता नसलेल्या कोर्सवर ती मिळणार नाही.

शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांशी कॅन्टीनमध्ये चहा घेत बोला. कार्यालयात जे कळत नाही ते तिथे कळते.

मास्टर्स : इथे की परदेशात?

भारतात एमओटीएचला बीओटीएचच लागते. मानसशास्त्र किंवा बीएस्सी करून थेट एमओटीएच करता येत नाही. बहुतेक विद्यापीठांत हा दोन वर्षांचा असतो आणि मेंदू व मज्जासंस्था, हाडे व सांधे, बालविकास, मानसिक आरोग्य असे विषय निवडायचे असतात. माझा आग्रह असा की पदवीनंतर निदान एक वर्ष काम करा आणि मग विषय निवडा. आपल्याला मुलांसोबत रमते की पक्षाघाताच्या रुग्णांसोबत, हे वर्गात बसून कळत नाही.

परदेशाचा विचार असेल तर दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, अमेरिकेत दोन प्रकारचे कोर्स असतात. ‘एंट्री-लेव्हल’ कोर्स नव्याने थेरपिस्ट होणाऱ्यांसाठी आणि ‘पोस्ट-प्रोफेशनल’ कोर्स आधीच थेरपिस्ट असलेल्यांसाठी. दुसऱ्या प्रकारची पदवी, मग ती डॉक्टरेट का असेना, केवळ हाती पडली म्हणून तिथला परवाना मिळत नाही. परवान्यासाठी तिथल्या राष्ट्रीय मंडळाची पात्रता तपासणी, परीक्षा आणि राज्याची नोंदणी लागते. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात वेगळ्या नोंदणी संस्था आहेत. अर्ज करण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारा, ‘या कोर्सनंतर मी परवान्यासाठी पात्र होतो का?’ एजंटचे उत्तर चालणार नाही.

दुसरी, मास्टर्स आणि डॉक्टरेट यांतला फरक. २०१७ साली अमेरिकेतील मान्यता संस्थेने २०२७ पासून प्रवेशाची पदवी डॉक्टरेटच असेल असे ठरवले होते, पण नंतर हा निर्णय मागे घेतला गेला. आज तिथे दोन्ही मार्ग चालतात आणि दोन्हींनंतर परीक्षा तीच असते. केवळ नावापुढे ‘डॉक्टर’ लागते म्हणून एका वर्षाची जास्तीची फी भरणे मला पटत नाही. संशोधन किंवा अध्यापन करायचे असेल तर गोष्ट वेगळी.

आता पैशाचे बोलू, कारण घरात याच विषयावर कमी बोलले जाते. उदाहरणादाखल ४० लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचे म्हटले, तर महिन्याचा हप्ता साधारण ५५ हजार रुपये होतो आणि एकूण परतफेड ६६ लाखांवर जाते. शिक्षण चालू असतानाचे व्याज यात धरलेले नाही. हेच कर्ज १० लाखांचे असेल तर हप्ता १४ हजारांच्या आत राहतो. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. शेतजमीन बहुधा चालत नाही, म्हणून राहते घर तारण जाते. व्हिसा मिळाला नाही, परीक्षा एकदा राहिली किंवा नोकरी सहा महिने उशिरा लागली, तर हप्ता कोण भरणार? घरातल्या सगळ्यांना बसवून हे कागदावर मांडा. उत्तर नसेल तर जाऊ नका. जायचेच असेल तर आधी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करा. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

‘पण इथे नोकरी कुठे आहे?’

हा आक्षेप रास्त आहे. सरकारी पदे कमी आहेत आणि गावात उपचारासाठी नियमित पैसे देऊ शकणारे रुग्णही मोजकेच. चंद्रपूरला वैद्यकीय महाविद्यालय आले, जिल्हा पातळीवर लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आली, पण पुनर्वसनाची पदे त्या प्रमाणात वाढली नाहीत. म्हणून मुलांनी सगळे सोडून गावातच परत यावे, असा उपदेश मी करणार नाही. कर्जात बुडालेला मुलगा गावाची सेवा करू शकत नाही. नेमके म्हणूनच कमी कर्जात, चांगल्या रुग्णालयातून शिकलेला मुलगा महत्त्वाचा. त्याला मुंबईला राहायचे की चंद्रपूरला यायचे, हे निवडता येते. ४० लाख डोक्यावर असलेल्याला ते निवडता येत नाही.

आणि तुम्ही रुग्ण किंवा नातेवाईक असाल तर तुमच्याकडूनही एक अपेक्षा आहे. पक्षाघात, हाताची इजा किंवा मुलाच्या वाढीतला उशीर यासाठी मोठ्या रुग्णालयात गेलात, तर सुट्टी होण्याआधी विचारा, “इथे ऑक्युपेशनल थेरपी विभाग आहे का? आम्हाला तिकडे पाठवता का?” निदान घरी करायच्या गोष्टी लिहून घ्या. ग्रामसभेत, लोकप्रतिनिधींकडे, उपजिल्हा रुग्णालयात या पदाची मागणी करा. कोणी मागतच नसेल, तर पद मंजूर होणार कशाच्या आधारावर?