छपरावरचे ऊन आणि वहीतला हिशेब

मानकोलीच्या परिसरात मुंबई-नाशिक महामार्गावरून नजर टाकली, की गोदामांची पत्र्याची छपरे दूरवर पसरलेली दिसतात. आजवर त्या छपरांचे काम ऊनपावसापासून माल राखणे एवढेच होते. आता तेच छप्पर उत्पन्नाचे साधन ठरू शकते, असे सांगणारे प्रतिनिधी पेढ्यांच्या पायऱ्या चढू लागले आहेत. अशाच एका पेढीवर काका आणि पुतण्या यांच्यात काही दिवस चर्चा चालली होती.

गोदामाचे छप्पर २० हजार चौरस फुटांचे. त्यातील निम्मी जागा वापरली, तरी १०० किलोवॅटचा सौर संच बसतो. कारण एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. प्रतिनिधीने कागदावर गणित मांडले होते. एक किलोवॅट दिवसाला सुमारे ४ युनिटे देतो, म्हणजे वर्षाला १ लाख ४० हजार युनिटे. युनिटचा दर १२ रुपये धरला, तर १६ लाख ८० हजारांची बचत. खर्च ५० लाख. तीन वर्षांत भांडवल वसूल आणि पुढे वीस-बावीस वर्षे वीज फुकट. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, असा व्यवहार पुन्हा मिळायचा नाही. आपण कर्ज काढूनही हे करावे.’’

काकांनी एवढेच विचारले, ‘‘आपल्या गोदामाला वर्षाला वीज लागते किती?’’

पेढीचे हिशेब पाहणाऱ्या सूनबाईंनी बारा महिन्यांची बिले मांडली. मंजूर भार २० किलोवॅट आणि वर्षाचा वापर सुमारे २८ हजार युनिटे. दिवे, पंखे, कॅमेरे आणि एक मालवाहू लिफ्ट. गोदामाला याहून अधिक काय लागणार? कागदावरील गणिताची खरी मेख येथेच होती.

वाचवलेले युनिट आणि विकलेले युनिट यांची किंमत सारखी नसते, हे वीजव्यवहारातील पहिले सूत्र. नेट मीटरिंगमध्ये छपरावरची वीज स्वतःच्या वापरातून वजा होते, तेव्हा ग्राहकाचा पूर्ण दर वाचतो. वर्षअखेर उरलेली युनिटे मात्र आयोगाने ठरवलेल्या, त्याहून बऱ्याच कमी दराने घेतली जातात. शिवाय नेट मीटरिंगच्या संचाची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही. भार वाढवून घेतला, तर दरमहाचा स्थिर आकारही वाढतो.

उरलेल्या वीजेला भाव कमी का, याचे उत्तर बाजारात आहे. २००३ च्या विद्युत अधिनियमानंतर देशात वीजेचा खुला बाजार आकाराला आला आणि जून २००८ मध्ये इंडियन एनर्जी एक्स्चेंज सुरू झाले. तेथे दुसऱ्या दिवसाच्या वीजेचा लिलाव पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ भागांत होतो. बाजार समितीत प्रत्येक ढिगाचा भाव वेगळा फुटतो. येथे तसे नाही. समजा, एक विक्रेता २ रुपयांना, दुसरा ४ रुपयांना आणि तिसरा ७ रुपयांना वीज देऊ पाहतो. मागणी भागवण्यास तिघांचीही गरज पडली, तर तिघांनाही ७ रुपये मिळतात. पहिल्या दोघांतच भागले, तर दोघांनाही ४ रुपये.

दुपारी देशभरातील सौर पटले एकाच वेळी वीज देतात, म्हणून महागड्या विक्रेत्याची गरज कमी पडते आणि भाव उतरतो. सूर्य मावळताच तो पुरवठा थांबतो, घरोघरी दिवे आणि शेगड्या सुरू होतात आणि भाव चढतो. टंचाईच्या संध्याकाळी तो युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेपर्यंतही जातो. चौविहार पाळणाऱ्या घरात स्वयंपाकघर सूर्यास्तापूर्वीच आवरलेले असते. वीजबाजारातील खरी गडबड मात्र त्यानंतर सुरू होते.

भिवंडीत २००७ पासून महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर वीज वितरण करते. दर मात्र महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगच ठरवतो. वितरण कंपन्या बहुतांश वीज दीर्घ मुदतीच्या करारांनी घेतात, त्यामुळे एक्स्चेंजचा रोजचा चढउतार बिलात थेट दिसत नाही. परंतु दुपार आणि संध्याकाळ यांतील फरक आता दरपत्रकात येऊ लागला आहे. केंद्राच्या जून २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा. म्हणजे दुपारी वाचवलेल्या युनिटचे मोलही पुढे १२ रुपये राहीलच, असे गृहीत धरता येत नाही.

सूनबाईंनी नवा तक्ता केला. उरलेल्या युनिटला ३ रुपये धरले. २० किलोवॅटच्या संचाला खर्च १० लाख आणि बचत वर्षाला ३ लाख ३६ हजार. १०० किलोवॅटला खर्च ५० लाख. स्वतःच्या २८ हजार युनिटांचे तेच ३ लाख ३६ हजार आणि उरलेल्या १ लाख १२ हजार युनिटांचेही नेमके तेवढेच. म्हणजे जादा ४० लाख गुंतवून मिळणार ३ लाख ३६ हजार, आणि १० टक्क्यांनी त्या ४० लाखांचे व्याजच ४ लाख. पटल्यांची धुलाई, विमा आणि वाढीव स्थिर आकार तर धरलेलाच नव्हता.

पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘छप्पर भाड्याने दिले तर?’’ प्रश्न योग्य होता. २०२२ च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या नियमांनी ग्राहकासाठीची मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या कारखान्यासाठी लागणारी वीज वेगळ्या जागी तयार करता येते. मात्र असे करार अनेक वर्षांचे असतात. छप्पर गळाले तर दुरुस्ती कोणाची, गोदाम विकले तर करार कोणाकडे, भाडेकरू बदलला तर काय, हे आधी लिहून घ्यावे लागते.

अखेर काकांनी २० किलोवॅटला होकार दिला, तोही दोन अटींवर. शेडचा सांगाडा वजन पेलतो का, हे अभियंत्याकडून तपासून घ्यायचे आणि आगीच्या विम्यात संचाची नोंद करायची. दोन्ही कामे पुतण्याने स्वतःकडे घेतली. उरलेले छप्पर तूर्त मोकळे राहील. गोदामात शीतगृह करण्याचा त्याचा विचार आहे. ते झाले, तर वीजेचा वापर वाढेल आणि मोठ्या संचाचे गणित तेव्हा नव्याने मांडता येईल. प्रतिनिधीचा कागद सूनबाईंनी बिलांच्या फाइलमध्येच लावून ठेवला आहे.