जुळवून कोणी घ्यायचे?

हवामानबदलाशी ‘जुळवून घेणे’ हा शासकीय अहवालांतील परवलीचा शब्द झाला आहे. पाऊस लहरी झाला, तेव्हा शेतकऱ्याने वाण बदलावे, ठिबक बसवावे, शेततळे खोदावे, विमा उतरवावा! जुळवून कोणी घ्यायचे आणि कशाशी, हा प्रश्न मात्र या उपदेशातून सोयीस्करपणे गाळलेला असतो.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात ऊस आणि साखर कारखाने वाढत आले होते. राज्याच्या पीकक्षेत्रापैकी ४ टक्क्यांहून कमी क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे जवळजवळ ७० टक्के पाणी पीत होता, अशी नोंद केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच त्या सुमारास केली होती. दुष्काळ आभाळातून पडतो हे अर्धसत्य आहे; उरलेला अर्धा मालकीसंबंधांतून उपजतो.

शेततळ्याचेच पाहा. ते पावसाचे पाणी साठविण्यासाठी असते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ऐपतदार शेतकरी विंधनविहिरीचे पाणी उपसून प्लॅस्टिकच्या अस्तराच्या तळ्यात भरतो. भूगर्भातील सामायिक पाणी असे खाजगी होते आणि शेजारच्या अल्पभूधारकाची विहीर आटते. एकाचे अनुकूलन ही दुसऱ्याची आपत्ती ठरते.

याहून वेगळा मार्ग महाराष्ट्राने पाहिलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावी पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकरापुरते द्यायचे, भूमिहीनालाही वाटा द्यायचा आणि उसाला मज्जाव करायचा, हे तिचे नियम. पावसाशी जुळवून घेण्यासाठी तिने माणसामाणसांतील नाते बदलले.

‘हे एखाद्या गावापुरते ठीक’, असे कोणी म्हणेल. पण त्याच दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीला राज्याने १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले. खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांचा हक्क कायद्यात येऊ शकतो, तर पाण्याचा का येऊ नये?

लहान ऊसकरी आपला शत्रू नव्हे. उसाला कायद्याने दराची हमी आहे. ज्वारी-तुरीचा हमीभाव बहुधा कागदावरच राहतो. म्हणून पाण्याचे माणशी समान वाटप, टंचाईच्या प्रदेशात उसावर मर्यादा आणि कोरडवाहू पिकांची हमीभावाने खरेदी, या तिन्ही मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. त्या घेऊन कार्यकर्त्यांनी ग्रामसभांत उभे राहावे. विषमता जशीच्या तशी ठेवून केलेले जुळवून घेणे म्हणजे गरिबांनी निमूटपणे सोसणे, एवढेच.