‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून किती दिवस चालवायचे?

घरातले म्हातारे माणूस तीच गोष्ट दहा वेळा विचारू लागले, की आपण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होतो. जेवण झालेले असते, तरी आजी जेवायला मागते. चाळीस वर्षे ज्या गल्लीत राहिले, तिथेच आजोबा वाट चुकतात. पैसे सापडले नाहीत की सुनेवर आळ येतो. मग कोणी म्हणते वय झाले, कोणी म्हणते बाहेरचे काहीतरी लागले. बाहेरचे लागणे वगैरे आपण १९५६ सालीच सोडून दिले. हा मेंदूचा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया म्हणतात.

हा आजार श्रीमंतांचा नाही. देशभरातील ज्येष्ठांच्या पाहणीवरून २०२३ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार साठ वर्षांवरील शंभरांपैकी सातांहून अधिक जणांना, म्हणजे भारतात सुमारे ८८ लाख लोकांना तो आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने टाळता येण्याजोगी किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, दारू, कमी ऐकू येणे, हवेचे प्रदूषण ही त्यांतली काही. यादीत आणखी एक कारण आहे : लहानपणी शिक्षण न मिळणे.

आपल्या आज्यांना शाळा का मिळाली नाही, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. ज्या व्यवस्थेने त्यांच्या हातातली पाटी काढून घेतली, तिचा हिशोब आज त्यांच्या म्हातारपणी निघतो आहे. म्हणून हा प्रश्न आमच्या मते नुसता दवाखान्याचा नाही, सामाजिक न्यायाचाही आहे.

पण वस्तीत हा आजार नेमका किती, हे मोजायचे कसे? जगभर वापरली जाणारी एक चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तीत कागदावरचे वाचा, एक वाक्य लिहा, शंभरातून सात-सात वजा करत जा, असे सांगतात. जी बाई कधी शाळेत गेली नाही, ती यात नापास होणारच. तिला आजार नसला तरी आजारी ठरवले जाईल. उलट बाजारात भाजी विकून तोंडी हिशोब पक्का झालेल्या बाईचा सुरुवातीचा आजार लक्षातच येणार नाही.

हे ओळखून १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगढ येथे निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी बनवली गेली. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा संच तयार केला. त्याच्या पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. त्या पाचांत मराठी नव्हती. मग आपल्या भीमवाडीतल्या, फुलेनगरातल्या, नाशिकरोडच्या वस्त्यांतल्या बोलीत हे प्रश्न कोण विचारणार?

इथे छोट्या अनुदानाचा मुद्दा येतो. एका वस्तीतले शंभर वृद्ध, त्यांच्या बोलीत तपासलेले प्रश्न, एक विद्यार्थिनी, एक मार्गदर्शक, येण्याजाण्याचे भाडे, छापलेले फॉर्म आणि काही महिने. या कामाला कोटी रुपये लागत नाहीत. राज्यातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपीच्या महाविद्यालयांचे विद्यापीठ, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ पासून आपल्याच नाशकात, म्हसरूळला आहे. ते विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना संशोधनासाठी छोटी अनुदाने देते. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून आहे. पीएच.डी. करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे.

योजना आहेत, पण गरीब घरातला विद्यार्थी दारातच अडतो. आयसीएमआरच्या त्या योजनेत विद्यावेतन अहवाल मान्य झाल्यावर मिळते. म्हणजे आधी पदरचे घाला, मग वाट पाहा. ज्याची मेसची थकबाकी आहे, तो असा प्रकल्प कसा घेईल? आणि जो वस्तीतून आला नाही, त्याला वस्तीचा प्रश्न सुचणार कसा?

थोड्या पैशाचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, ते सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. रक्कम तीन वर्षांपुरती होती. त्यातून काय उभे राहिले, ते आपण सगळे पाहतो आहोत.

कोणी म्हणेल, घरात औषधाला पैसे नाहीत, संशोधनाचे काय घेऊन बसलात? आम्ही गोव्याकडे बोट दाखवू. तिथे ८१ कुटुंबांवर एक अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक लोकांना थोडे प्रशिक्षण देऊन डिमेन्शियाच्या रुग्णांच्या घरी पाठवले. त्यांनी घरच्यांना आजार समजावला, रुग्णाला कसे सांभाळायचे ते दाखवले, धीर दिला. सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण त्यामुळे कमी झाला. आपल्या घरात सांभाळणारी म्हणजे धुणीभांड्याचे काम सोडून घरी बसलेली सून, नाहीतर शाळा बुडवणारी नात. तिचा ताण कमी करणारी गोष्ट अशा छोट्या अभ्यासातूनच हाती लागली.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. ‘आमच्या वस्तीत फॉर्म भरून घेतात आणि पुन्हा फिरकत नाहीत.’ म्हणून आमच्या अटी स्पष्ट आहेत. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे माहिती मराठीत वाचून दाखवून संमती घ्यावी. अंगठा घेतला तर त्रयस्थ साक्षीदार हवा. रुग्णाला स्वतः निर्णय घेता येत नसेल, तर त्याच्या वतीने कायदेशीर अधिकार असलेल्या माणसाची संमती हवी. आणि निष्कर्ष विहारात येऊन सांगावेत.

विद्यापीठाकडे आमची मागणी अशी : दरवर्षी काही अनुदाने डिमेन्शियासाठी राखून ठेवा, त्यांत नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना जागा द्या आणि निम्मी रक्कम काम सुरू होतानाच द्या.

आपल्याकडूनही काही व्हायला हवे. विहाराच्या फलकावर अनुदानाच्या तारखा लिहाव्यात. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा खर्च थोडा कमी करून एका विद्यार्थिनीचे प्रवासभाडे द्यावे. महिला मंडळाने तिच्यासोबत घरोघरी जावे. ओळखीची बाई सोबत असली, की आजी मोकळेपणाने बोलते.

तोपर्यंत घरात कोणी विसरू लागले असेल, तर थांबू नका. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दाखवा. रक्तदाब, साखर, थायरॉईड, बी-१२, कान आणि डोळे तपासून घ्या. मन उदास आहे का, तेही डॉक्टरांना सांगा. काही कारणांनी आलेला विसर उपचाराने कमी होतो. ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाच्या आणि १९५६ च्या दीक्षेच्या गोष्टी याच आजी-आजोबांकडून आपण ऐकल्या. त्यांची आठवण जाते आहे, तेव्हा त्यांना वेडे ठरवून कोपऱ्यात बसवू नका. या महिन्याच्या विहारातल्या बैठकीत हा विषय घ्या आणि आपल्या वस्तीतून आरोग्य शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींची यादी करा. पुढचा अर्ज त्यांच्यापैकीच कोणीतरी भरायचा आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!