टॉवर उभा झाला, पण त्याला समोरचा टॉवर दिसतो का?

अमरावती/अकोला : निवडणूक आली की मेळघाटातल्या बिनरेंजच्या मतदान केंद्रांचा विषय निघतोच. मोबाईल मुका असला की पोलीस आणि वन विभागाचे वायरलेस सेट कामी येतात. मतदान झालं की सेट परत जातात आणि गाव पुन्हा रेंज शोधत टेकडीवर.

वायरलेस चालतो तो उंचीवरच्या रिपीटरमुळे. सैन्याचंही गणित हेच. फौज पुढे सरकली की सिग्नलवाले आधी उंच जागा धरतात, मास्ट उभारतात, डिश बरोबर समोरच्या डिशवर रोखतात. या लहरी सरळ रेषेत जातात, मधात डोंगर आला की खेळ खलास. आडवा डोंगर नसला तरी जमिनीची गोलाई आडवी येते. सपाटीवर 30 मीटरच्या दोन मास्टमध्ये जास्तीत जास्त 45 किलोमीटर मिळतात. म्हणून टप्प्याटप्प्याने दुवे जोडावे लागतात. भारतीय लष्कराच्या जुन्या 'एरेन' व्यवस्थेत तर अशा दुव्यांचं जाळंच होतं. एक दुवा तुटला तर निरोप दुसऱ्या वाटेने जायचा.

आता आपला सातपुडा पाहा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटरवर, अमरावती शहर साडेतीनशेच्या आसपास. सरळ रेषेत अंतर जेमतेम 70 किलोमीटर, त्यामुळे पठाराच्या दक्षिण काठावरून खालच्या सपाटीकडे दुवा जोडणं सोपं. अकोटकडूनही नरनाळ्याचा डोंगर उघडा दिसतो. धारणी मात्र सिपना नदीच्या खोऱ्यात, डोंगरांच्या मागे. अंतर चिखलदऱ्याहून अमरावतीपेक्षा कमीच, पण मधात रांगाच रांगा. अडचण किलोमीटरची नाहीच.

जुलै 2022 मध्ये केंद्राने 24,680 गावांना 4जी देण्यासाठी 26,316 कोटींची योजना मंजूर केली. काम बीएसएनएलकडे. टॉवर किती झाले हे मोजलं जाते, पण टॉवर म्हणजे नुसता शेवटचा खांब. मोबाईल त्याच्याशी बोलतो, पण पुढे तो कोणाशी बोलतो? जमिनीखालची फायबर असेल तर रस्ता खोदताना तुटते. डिश असेल तर मधल्या टेकडीवर रिले पाहिजे. ती टेकडी व्याघ्र प्रकल्पात निघाली तर परवानगी आली, आणि तिथं वीज नसेल तर सोलर, बॅटरीही आली. एका रिलेची बॅटरी बसली की त्याच्यामागची सगळी गावं एकदमच बंद.

गरोदर बाईला रात्री कळा सुटल्या आणि 108 लागत नसेल, तर गावात टॉवर आहे याचा उपयोग काय? रेशनच्या मशीनचंही तेच. अंगठा जुळेपर्यंत माणसं मजुरी पाडून बसून राहतात.

सैन्य दुसरी वाट आधी ठरवते, कारण तिथं दुवा तुटला तर जीव जातो. मेळघाटातही जीवच जातो. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत "टॉवर कधी?" एवढंच विचारून थांबू नये. दुवा फायबरचा की डिशचा, रिले कोणत्या टेकडीवर, लाईन गेल्यावर बॅटरी किती तास पुरते आणि एक दुवा तुटला तर दुसरा कुठून, हे चार प्रश्न ठरावात लेखी टाकावे. तोंडी उत्तर ऐकून घरी येऊ नये.